गर्जेबाईंची देवघेव

पुस्तक परत आलं की गर्जेबाई आधी त्याचा वास घ्यायच्या. मग ते उलटं धरून झटकायच्या, पानं फर्रकन सोडायच्या, चष्मा कपाळावर सरकवून एकेक कोपरा तपासायच्या. समोर पाचवीतलं पोर श्वास रोखून उभं. बघणाऱ्याला वाटावं, आता बाई डाग शोधणार आणि पोराला झापणार. झापायच्या खऱ्या, पण डाग सापडला नाही तर. "घडी न्हाई, डाग न्हाई, भाकरीचा वास बी न्हाई. देव्हाऱ्यात ठिवलं हुतंस व्हय रं? जा, माघारी घिऊन जा अन् वाचून आन." पोर बिचारं तेच पुस्तक घेऊन पुन्हा घरी. दुसऱ्या खेपेला त्यावर कालवणाचा एखादा थेंब पडलेला असायचा. थेंब आपोआप पडलाय की मुद्दाम पाडलाय, हे बाईंना बरोबर कळायचं. तरी पुस्तक त्या जमा करून घ्यायच्या.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. पाथर्डीच्या पुढे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका गावात आमची पाचवी ते दहावीची शाळा. गर्जेबाई तिथे अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. अर्धवेळ म्हणजे कागदावर दिवसाचे तीन तास. प्रत्यक्षात बाई पहिल्या घंटेच्या आधी यायच्या आणि शेवटच्या घंटेनंतर, नवऱ्याची मोटरसायकल फाटकाशी दोनदा ठसकली की जायच्या. आडनाव गर्जे, पण आवाज असा की दुसऱ्या बाकावर पोचू नये. त्यामुळे पोरं ऐकायला पुढे पुढे सरकायची आणि शेवटी बाईंच्या मांडीला चिकटून बसायची. आम्ही बाकीचे घसा फोडून "शांत बसा, शांत बसा" करत असू आणि ही बाई कुजबुजत वर्ग गुंडाळून ठेवायची. मला त्याचाही राग यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा.

बोलणंही घरचंच. एकदा स्टाफरूममध्ये मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाई, तुम्ही ग्रंथपाल. निदान शाळेत तरी जरा शुद्ध बोलत जा." बाई डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "सर, पोरांच्या आया बोलत्यात तसं मी बोलती. त्यानं पोरगं घाबरत न्हाई. तुमी बोला की शुद्ध, तुमाला कोन नको म्हनतंय?" सगळे हसले. चटणी मात्र झकास होती.

एका वर्षी कुठल्याशा योजनेतून दोन खोकी भरून चित्रांची पुस्तकं आली. मोठमोठी पानं, रंगीत चित्रं आणि एका पानावर एखादी ओळ, काहींत तीही नाही. हेडसरांनी पुस्तक उघडलं, पुढेमागे केलं आणि विचारलं, "ह्यात वाचायचं काय?" मीही चित्रकलेचा माणूस असून मान डोलावली. बाईंनी मात्र दोन्ही खोकी एकेक करून पोटाशी धरून वाचनालयात नेली. वाचनालय म्हणजे कोपऱ्यातली पत्र्याची खोली, तीन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी.

त्यांची पुस्तक वाचायची रीत अजब होती. त्या वाचायच्याच नाहीत. पुस्तक पोरांकडे तोंड करून धरायच्या आणि विचारायच्या, "आता काय व्हईल?" सगळ्यांनी सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. एक म्हशीचं पुस्तक होतं. म्हैस डोहात बसलेली आहे आणि काही केल्या उठत नाही. पानापानाला कोणी ना कोणी तिला उठवायला येतं, आणि म्हैस आपली ढिम्म. त्या पुस्तकाला दोन तास लागले! एक पोर म्हणालं, तिचे पाय गाळात रुतलेत. दुसरं म्हणालं, ती रुसलीय, तिचं रेडकू बाजारात विकलंय. मी दारातून जाता जाता ऐकलं आणि म्हटलं, "बाई, ह्यात कुठे तसं लिहिलंय?" बाई म्हणाल्या, "लिवलेलं वाचायला तुमी हायेच की. ही पोरं न लिवलेलं वाचत्यात."

मग पोरांनी पुस्तकं करायचा कारखानाच काढला. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, कॅलेंडरची जुनी पानं, खताच्या गोणीचा दोरा, असलं सामान. सहावीतल्या पोरांनी 'आमच्या गावातली कुत्री' नावाचं पुस्तक केलं. प्रत्येक पानावर एक कुत्रं, ते कुणाच्या दाराशी झोपतं, कुणावर भुंकतं आणि कुणावर भुंकत नाही. सरपंचांच्या कुत्र्याला दोन पानं दिली होती. ही बातमी गावात गेली आणि स्वतः सरपंच ते पुस्तक बघायला शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदाच वाचनालयाची पायरी चढले असतील. सतरंजीवर मांडी घालून त्यांनी अख्खं पुस्तक वाचलं आणि तक्रार केली, "आमच्या टिप्याचा कान असा पडका न्हाई ओ बाई." बाईंनी लगेच खोडरबर काढून दिलं.

मला हे सगळं खटकायचं. मी माझ्या वर्गात घडा, दोन वांगी आणि मागे पडदा असं स्थिरचित्र वर्षानुवर्षं काढून घेत होतो. छटा, उजेड, सावली. सरकारी परीक्षेला माझी मुलं चांगली श्रेणी मिळवायची. आणि इकडे या बाईच्या राज्यात कुत्र्यांना पाच पाय!

माझ्या हातून घडलेली चूक याच सुमाराची. शाळेची तपासणी होणार होती. गणपतीची सुट्टी होती आणि बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. हेडसरांनी मला बोलावलं. "निमसे सर, त्या चित्रांच्या पुस्तकांची पार रया गेलीय. साहेब काय म्हणतील? सगळ्यांना खाकी कव्हरं घाला आणि तुमच्या अक्षरात नावं टाका." माझ्या अक्षराचं कौतुक झालं की मी विरघळतो. तीन दिवस खपलो. दीडशेच्या वर पुस्तकं. कागद कापला, घड्या घातल्या, टोकं आत दुमडली, काळ्या शाईने एकसारखी सुंदर नावं लिहिली. कपाटात ती रांग अशी दिसत होती की मीच दाराशी उभा राहून दोनदा बघून घेतली. साहेबही खूष झाले.

बाई परत आल्या, कपाट उघडलं आणि तिथेच खाली बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. तेवढ्यात पाचवीची पोरं आली आणि कपाटापुढे खुळ्यासारखी उभी राहिली. "सर, म्हशीचं कुठलं हाय?" मी म्हटलं, "अरे, एवढ्या मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय ना!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाई हळूच म्हणाल्या, "सर, ज्यांना अजून वाचता येत न्हाई, त्यांच्यासाठी हायेत ही. त्यांना चित्रावरनं पुस्तक वळखू येतं. तुमी सगळ्या म्हशी, खारी, हत्ती एकाच गोनीत घातलेत की हो."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पण कबूल कोण करणार! मी म्हटलं, हेडसरांचा हुकूम आहे, कव्हरं काढता येणार नाहीत. बाई म्हणाल्या, "न्हाई काढत." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरांना सांगितलं की, जे पुस्तक वाचाल त्याच्या कव्हरवर, आत काय आहे ते तुम्ही काढा. महिन्याभरात माझ्या सुबक अक्षरांच्या डोक्यावर माकडं बसली. एका ठिकाणी तर मी काढलेल्या वेलांटीला झोका बांधला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाईंशी बोलणं टाकलं.

पाचवीत सविता नावाची एक मुलगी होती. सगळे सवी म्हणायचे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि खाली कोल्हापूर-सांगलीकडे कुठल्या तरी कारखान्यावर जायचं, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. सवी धाकट्या भावाला सांभाळायला बरोबर जायची. तिच्या थोरल्या बहिणीचंही असंच होतं. ती पाचवीच्या वर्षी गेली आणि नंतर शाळेत आलीच नाही. फडावर हातात कोयता आला आणि शाळा संपली. आता सवीची पाचवी होती. तिला अक्षरओळख जेमतेम, पण म्हशीच्या पुस्तकाची वेडी. मधल्या सुट्टीत बाकीची पोरं खेळायची आणि ही ते पुस्तक मांडीवर घेऊन म्हशीला समजावत बसायची.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सवी वाचनालयात आली. मी खडू न्यायला आलो होतो. बाईंनी म्हशीचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. त्याचं कव्हर नुकतंच फाटलं म्हणून नवं घातलं होतं, नाव पुन्हा माझ्याच अक्षरात, आणि बाकी ते कोरं होतं. सवी ते पुस्तक छातीशी धरून पळाली. मला राहवलं नाही. बोलणं टाकलेलं विसरून मी म्हटलं, "बाई, पाच महिन्यांसाठी? नियम आठ दिवसांचा आहे."

"नियम आठ दिसांचा हाय, हंगाम पाच म्हैन्याचा. मी काय करू?"

"पुस्तक परत येणार नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "सर, मी ते वाचायला दिलंच न्हाई. परत द्यायला दिलंय. शाळंचं काईतरी तिच्यापाशी असलं, की तिला शाळंत यावंच लागंल. पुस्तक द्यायला तरी येईल का न्हाई पोरगी?"

आणि त्यांनी देवघेवीची वही उघडली. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'फडावर गेली. येईल.'

मार्चमध्ये पुस्तकांची पडताळणी झाली. समितीचा प्रमुख मी. बाकी सगळं जुळलं, एक पुस्तक नव्हतं. कुठे आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी अहवालात लिहिलं, 'गहाळ'. आज खरं सांगतो, तो नियम नव्हता, सूड होता. माझ्या वेलांटीला बांधलेल्या झोक्याचा सूड. हेडसरांनी बाईंना लेखी समज दिली, चित्रांच्या पुस्तकांचं कपाट बंद केलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

बाई भांडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनालयावरून जात होतो तर आतून कुजबुज ऐकू आली. डोकावलो. सतरंजीवर पाचवीची पंचवीस-तीस पोरं गोल बसलेली. प्रत्येकाने दोन्ही हात पुस्तक धरल्यासारखे समोर धरलेले, हातांत काही नाही. बाई म्हणाल्या, "उलटा पान." सगळ्यांनी हवेतलं पान उलटलं. "कोन आलं म्हशीला उठवायला?" "पाटील!" "पाटलाच्या डोस्क्याला काय हाय?" "लाल पटका!" "उलटा पान." मला बघून बाई थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कपाट बंद हाय सर, डोस्की उघडी हायेत." माझ्या खिशात ती किल्ली होती. मी तिथून चालायला लागलो, आणि वर्गात गेल्यावर फळ्यावर वांगं काढता येईना.

पाडवा झाला. एकेक ट्रक गावात यायला लागला. बाई दर तासाला दारात येऊन फाटकाकडे बघायच्या. सवीच्या वस्तीवरची माणसं आल्याचं कळलं, पण सवी आली नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. आता मीही फाटकाकडे बघत होतो. नवव्या दिवशी बाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "पुस्तक गहाळ झालं म्हनून लिवलंत. पोरगी गहाळ झाली तर कुठल्या रकान्यात लिवनार, सर?" आणि उत्तराची वाट न बघता, भर उन्हात, आडवाटेने वस्तीकडे चालत निघाल्या. मी खडू हातात धरून तसाच उभा. मला माझी लाज वाटली. एवढी कधी वाटली नव्हती.

बाईंना जाऊन अर्धा तास झाला असेल. मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. सडकेच्या बाजूने एक मुलगी आली. उन्हाने काळीठिक्कर पडलेली, केस तेलाने चपचपीत बसवलेले, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. "बाई हायेत का?"

बाई आडवाटेने तिच्याकडे गेल्या होत्या आणि ती सडकेने बाईंकडे आली होती!

"मला दे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा संशयानेच बघितलं. मग फडकं सोडलं.

पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. एक कोपरा कोणीतरी चावला होता. "भावानं," ती म्हणाली. धुराचा वास, मळीचा वास. आणि कव्हर! माझ्या अक्षरातलं नाव मधोमध, आणि त्याच्याभोवती बोटभर जागा कोरी नव्हती. कोळशाने, बॉलपेनने, हळदीने, पाल्याच्या रसाने काढलेलं. भांड्याकुंड्यांनी भरलेला ट्रक. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी. झोळीत टांगलेला भाऊ. कारखान्याची चिमणी आणि तिचा धूर. कोयता घेतलेली आई, तिचा चेहरा नव्हता, फक्त वाकलेली पाठ. आणि प्रत्येक ठिकाणी ती म्हैस! ट्रकमध्ये बसलेली, कोपीत बसलेली, उसात बसलेली. उठत नाही म्हणजे नाही. छटा नाहीत, उजेड-सावली नाही, काही नाही. एवढी वर्षं मुलांकडून चित्रं काढून घेत होतो, पण ती वाकलेली पाठ मला एकदाही काढता आली नसती.

"हे कव्हर का रंगवलंस गं?" मी विचारलं.

ती घाबरली. "आई म्हनली, कुनाचं भांडं आनलं तर रिकामं परत द्यायचं नसतंय. चार दानं तरी घालत्यात. पुस्तकात काय घालनार? मग ह्ये घातलं." मग म्हणाली, "समदं भरल्याबगार कसं आनायचं? चिमनी ऱ्हायली हुती. म्हनून उशीर झाला."

आठ दिवस आम्ही इथे जीव टांगणीला लावून बसलो होतो आणि ही पोरगी कारखान्याची चिमणी पुरी करत बसली होती. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. पोरीसमोर रडणं बरं दिसेना म्हणून मी उठलो, खिशातली किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

"कपाट बंद का हुतं, सर?"

"कुलूप गंजलं होतं," मी म्हटलं. खोटंही नव्हतं अगदी.

तासाभराने बाई धुळीने माखून परत आल्या. सवी शाळेत गेल्याचं त्यांना वस्तीवरच कळलं होतं. सवीला बघून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. मग पुस्तक घेतलं, नाकाला लावलं, डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वाचलंय!"

अहवालातला 'गहाळ' मी माझ्या हाताने खोडला आणि खाली सही केली. हेडसर काय बोलले ते सांगत नाही. त्यानंतर दर दिवाळीला हंगामाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक चित्रांचं पुस्तक जायचं. कव्हरं मीच घालायचो, कोरी, आणि नाव अगदी बारीक अक्षरात एका कोपऱ्यात टाकायचो, पोरांना जागा राहावी म्हणून. सगळी आली असं नाही. काही पुस्तकं गेली ती गेली, आणि त्यांच्याबरोबर पोरंही. पण बाईंनी त्या ओळी कधी बंद केल्या नाहीत. 'येईल' म्हणून लिहिलेलं तसंच ठेवायच्या. सवी मात्र दर वर्षी आली आणि दहावी झाली. आता नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सकाळी सावेडीच्या चौकात कधी भेटली की स्कूटर थांबवते आणि विचारते, "सर, काय काढता सध्या?"

कारण मी आता नगरला सावेडीत असतो. निवृत्त झालो आणि मुलाच्या फ्लॅटवर आलो. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ झालं, भाषणं झाली, आणि बाईंनी मला वाचनालयात बोलावलं. म्हशीचं पुस्तक टेबलावर होतं. सवीचं कव्हर बाईंनी जपून भिंतीवर लावलं होतं आणि पुस्तकाला नवं कोरं खाकी कव्हर घातलं होतं. देवघेवीची वही पुढे करून म्हणाल्या, "करा सही."

"अहो, मी म्हातारा झालो. मला काय हे?"

"करा तर खरं. परत द्यायला या."

मी सही केली. मला कळलं होतं त्या काय करताहेत. कळूनही मी गेलो नाही. आधी गुडघा, मग नातू, मग ऊन, मग उगाचच. दोन वर्षं गेली. अधूनमधून बाईंचा फोन यायचा. इकडचं तिकडचं काही नाही, एकच प्रश्न, "पुस्तक हाय का जवळ?" "आहे की." "मग झालं तर." आणि फोन बंद.

मागच्या हिवाळ्यात बाईंना नगरला दवाखान्यात आणल्याचं कळलं. मी पुस्तक पिशवीत घालून गेलो. बाई खूप वाळल्या होत्या. आवाज तर आधीच नव्हता. मी पुस्तक पुढे केलं. "हे घ्या तुमचं पुस्तक. आता तरी माझं नाव खोडा."

त्यांनी ते हातात घेतलं, सवयीने नाकाला लावलं. मग कव्हर पालथं-उताणं करून बघितलं. "कोरं हाय की, सर." हसल्या. "रिकामंच आनलंत व्हय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चित्रकलेचा मास्तर मी!

"इथं नगं. शाळंत द्या," त्या म्हणाल्या आणि पुस्तक माझ्या हातात परत ठेवलं. "इथं नोंद कोन करनार? अन् घाई न्हाई. भरा आधी."

बारा-तेरा दिवसांनी बाई गेल्या. त्यांना निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलं होतं, आणि शेवटपर्यंत त्या अर्धवेळच राहिल्या.

त्यानंतर मी ते कव्हर घेऊन बसलो. आधी बाईंचा चेहरा काढायला गेलो, चष्मा तेवढा जमला. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली. शेवटी मी सतरंजी काढली. सतरंजीवर गोल बसलेली पोरं, समोर धरलेले रिकामे हात, हवेत उलटलेली पानं. मध्ये बाई, पुस्तकात नाक खुपसून बसलेल्या. हातांची बोटं काही मला साधली नाहीत. एका पोराला सहा झाली, ती मी तशीच राहू दिली.

गेल्या महिन्यात एसटीने शाळेत गेलो. वाचनालय उघडं होतं, नवीन माणूस अजून नेमलेला नाही. एका शिक्षिकेने वही शोधून दिली. मी माझं नाव शोधलं. पुस्तक, नेल्याची तारीख, सही, सगळं होतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं बारीक अक्षर होतं, 'सावेडीला गेले. येतील.'

मी वही मांडीवर घेऊन तिथेच सतरंजीवर बसलो. रडलो, कबूल करतो. एव्हाना पाचवीची दोन-तीन पोरं पुस्तकाभोवती जमली होती. एकाने बोटं मोजली आणि तो ओरडला, "आयला, ह्याला सहा हायेत!" मी डोळे पुसले, परत आल्याची तारीख घातली. मग कपाटापुढे उभा राहिलो, हत्तीचं एक पुस्तक काढलं आणि खालच्या ओळीत माझं नाव पुन्हा लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सावेडीला. येईन.'